सकाळी सुटणारी नदी

वडखळ नाक्यावर आलेल्या गाडीपुढे दोनच वाटा असतात. उजवीकडे वळलं की डोलवी, धरमतरचा पूल, पोयनाड, अलिबाग आणि समुद्र. सरळ गेलं की नागोठणं, कोलाड, माणगाव, महाड आणि त्यापुढचं सगळं कोकण. शनिवारी सकाळी मुंबईकर उजवीकडे वळतो, गणपतीला चाकरमानी सरळ जातो. वळणाराला वाळू हवी असते, सरळ जाणाराला आपलं घर. या दोघांच्या मध्ये, वडखळपासून तासाभरावर, कुंडलिका नदीचं एक हिरवंगार खोरं आहे आणि त्यात रोहा नावाचं जुनं, बऱ्यापैकी झोपाळू तालुक्याचं गाव आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं. पण ते ठाऊक असणं रेल्वेच्या वेळापत्रकातलं. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, एवढंच.

आता बाह्यवळण झाल्यापासून गोव्याकडची वाहतूक वडखळच्या बाजारपेठेत शिरतही नाही. तरी नाका अजून जागा आहे. ऋतू कुठला चालू आहे हे कॅलेंडर न बघता इथल्या टोपल्यांवरून सांगता येतं. मार्च-एप्रिलमध्ये पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि कलिंगडं, मे महिन्यात ताडगोळे, जांभळं, करवंदं, पहिला पाऊस पडायच्या सुमाराला ठाकर-कातकरी बायांनी रानातून आणलेली शेवळं, आणि बारमाही सुकी मासळी. शेवळं घेतलीत तर सोबत काकडं मागून घ्यायची; नाहीतर घशाला खाज सुटेल आणि दोष वडखळला जाईल.

नाक्याच्या आजूबाजूला जी सपाट जमीन दिसते तो खारेपाट. अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते त्या मुलखात माणसांनी चिखलमातीचे बांध घालून समुद्राकडून ही शेतं सोडवून घेतली. बांधाला उघड्या, अर्थात झडपांची दारं, ठेवायच्या, म्हणजे ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जावं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ नये. बांधाला खांड पडली की एका रात्रीत पीक जातं आणि जमीन पुढची काही वर्षं मिठाची होऊन बसते. त्यामुळे खारेपाटातला आगरी शेतकरी आभाळाकडे जितकं बघतो तितकंच भरतीच्या तिथीकडे. इथल्या तळ्यांत जिताडा वाढतो. हा मासा सरकारी कचेरीतली अडलेली कामं कशी मार्गी लावतो याच्या गोष्टी या भागात पिढ्यान्‌पिढ्या चवीने सांगितल्या जातात. त्यातली एकही इथे लिहिण्यासारखी नाही.

या सपाटीवर दोन लढे झाले. त्यांच्याकडे न बघता पुढे गेलं तर खोऱ्यात शिरल्यावर काही कळणार नाही. पहिला चरीचा संप. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खारेपाटातल्या कुळांनी ठरवलं, की खोतासाठी जमीन कसायची नाही. गावंच्या गावं संपात उतरली आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षांच्या आसपास, जमिनी पडीक राहिल्या. माणसांनी लाकडं विकली, मासे मारले, मिळेल ती मजुरी केली, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. महाराष्ट्रातल्या कूळकायद्याची एक मुळी या चिखलात आहे.

दुसरा लढा कालपरवाचा. २००८ च्या २१ सप्टेंबरला पेण तालुक्यातल्या बावीस गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं: विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही? कौल नकाराचा आला. त्या बावीस गावांचं म्हणणं सरळ होतं. आमची जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येते, पाणी आलं तर आम्ही दुबार पीक काढू, मग आमची जमीन का घेता? हेटवण्याचं पाणी नवी मुंबईच्या नळांना पोहोचलं. खाली पेणच्याच वाशी-शिर्की भागात मात्र बाया कित्येक उन्हाळे हंड्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. धरण आपल्या तालुक्यात आणि पाणी दुसऱ्याच्या गावात, हे पेणला नवीन नाही. रोह्यात याच्या उलटं घडलं, म्हणून तर त्या खोऱ्याची गोष्ट सांगावीशी वाटते.

वडखळ सोडलं की मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या चौपदरीकरणाचं काम पनवेल ते इंदापूर या टप्प्यात २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत गेलेलं मूल मधल्या काळात मतदार झालं, यापलीकडे त्या विषयावर मी काही लिहिणार नाही. इतरांनी पुरेसं लिहिलं आहे. नागोठण्याला अंबा नदीवर सोळाव्या शतकातला दगडी पूल आहे. त्याच्या कमानी बघून नव्या रस्त्याच्या ठेकेदारांविषयी मनात काही विचार आलेच तर ते ज्याचे त्याने आवरावेत. इथून रोह्याला दोन वाटांनी जाता येतं. भिसे खिंडीतून थेट गेलं तर जवळ पडतं. पण खोरं बघायचं असेल तर महामार्गानेच सुकेळी खिंड चढून उतरावं, खांब मागे टाकून कोलाडला यावं आणि तिथून नदीकाठाने खाली रोह्याकडे जावं. खिंडीच्या अलीकडे अंबेचा मुलूख, पलीकडे कुंडलिकेचा.

कोलाडला महामार्गालगत एक गंमत बघायला मिळते. भरलेले ट्रक रांगेने रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढतात, चालक केबिनमध्येच पाय पसरतात आणि गाडी गोव्याकडे निघते. कोकण रेल्वेची ही रोरो सेवा १९९९ पासून चालू आहे. २०२५ च्या गणपतीत तर खाजगी मोटारींसाठीही कोलाड ते वेर्णा अशी गाडी सोडून बघितली. रस्त्यावर चालायच्या वाहनाने रस्ताच टाळावा, ही युक्ती कोलाडला सुचली यात नवल नाही.

कोलाडला उतरून पूर्वेकडे बघितलं की सह्याद्रीची भिंत एकदम अंगावर येते. तिच्या पायथ्याशी भिरा, तिच्या माथ्यावर ताम्हिणीचं पठार आणि मुळशीचा जलाशय. पावसाळ्यात हे सगळं हिरवं असणारच. जुलैत कोकणात काय हिरवं नसतं? खरी नजर एप्रिलमध्ये लागते. आजूबाजूचे डोंगर तेव्हा तांबूस-करडे झालेले असतात, साग निष्पर्ण असतो, शेजारच्या तालुक्यांत टँकरच्या बातम्या सुरू झालेल्या असतात. आणि इथे कोलाड-आंबेवाडीपासून रोह्याकडच्या पट्ट्यात भाताच्या लोंब्या वाऱ्यावर हलताना दिसतात. उन्हाळी भात, तेही कोकणात, जिथे एकदा मृगाचं भात निघालं की जमीन पुढच्या जूनपर्यंत उताणी पडलेली असायची. भर उन्हाळ्यात कुंडलिकाही भरलेली वाहते. खोऱ्याच्या छायाचित्रांखाली ‘निसर्गाचं वरदान’ असं लिहिलेलं असतं. वरदान आहेच, पण देणाऱ्याचा पत्ता वेगळा आहे.

मुळशीला पडणारा पाऊस स्वभावाने पूर्वेकडचा. मुळा नदीतून तो पुण्याला यायचा, मुठेला भेटून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जायचा. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांनी धरण बांधलं, डोंगराच्या पोटातून बोगदा काढला आणि ते पाणी पश्चिमेकडे, कोकणाच्या बाजूला, सुमारे पाचशे मीटर खाली सोडलं. खाली भिऱ्याचं वीजघर. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२ आणि भिरा १९२७, अशी ही तीन भावंडं. तिघांचीही वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि आगगाड्यांसाठी. म्हणजे १९२७ पासून बंगालच्या उपसागराचं पाणी अरबी समुद्राला मिळतंय, आणि वाटेत त्याला कुंडलिका म्हणतात.

हे फुकट झालेलं नाही. मुळशी पेट्यातली पन्नासहून अधिक गावं या धरणाच्या तावडीत आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे बांधाच्या जागी जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. १९२४ पर्यंत झुंज चालली. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी तिला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. त्यांच्या मांडणीतली अप्रिय बाजू अशी, की पेट्यातल्या पुष्कळ जमिनी तोवर पुण्याच्या सावकारांच्या नावावर चढल्या होत्या. त्यांना नुकसानभरपाई गोड लागली आणि लढ्याचा कणा तिथेच मोडला. मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली. डोंगराच्या या बाजूला काही वर्षांनी दुसऱ्याच कुणाची भातखाचरं पिकू लागली. ज्यांचं गेलं आणि ज्यांना मिळालं त्यांच्यामध्ये फक्त एक ताम्हिणी घाट आहे, पण रोह्यातल्या किंवा कोलाडच्या कुठल्याही चौकात मुळशीच्या सत्याग्रहाची पाटी मला दिसली नाही. पुढची पिढी तर मुळशी म्हणजे ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा, एवढंच ओळखते.

या पाण्याला पुढे किती कामं लावली आहेत ते मोजण्यासारखं आहे. भिऱ्याला १५० मेगावॉटचं जुनं वीजघर. त्याच्या जोडीला १९९०च्या दशकात आणखी १५० मेगावॉटचा एक संच बसला. तो उलटाही फिरतो. विजेची मागणी कमी असेल तेव्हा खालचं पाणी पुन्हा वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं. भिऱ्यातून बाहेर पडलेलं पाणी वाया का घालवा, म्हणून पुढे रवाळजेला सरकारी वीजघर, ८० मेगावॉटचं. तिथून सुटलेलं पाणी नदीत. नदीतून डोलवहालच्या बंधाऱ्यात. बंधाऱ्यातून डावा-उजवा कालवा, कालव्यातून शेतं. शिवाय रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीला पाणी, नागोठण्याच्या कारखान्यांना पाणी, गावोगावच्या नळयोजनांना पाणी. उरलेलं रोह्यावरून खाली खाडीत. एवढी नोकरी केलेली नदी महाराष्ट्रात दुसरी असेल असं वाटत नाही.

नोकरी म्हटली की वेळा आल्या. मुंबईला वीज जेव्हा जास्त लागते तेव्हा इथे झडपा उघडतात. म्हणून या काठावर दिवसाची सुरुवात ‘पाणी सुटलं का?’ या प्रश्नाने होते. शहरात हा प्रश्न नळाबद्दल विचारतात, इथे तो अख्ख्या नदीबद्दल विचारला जातो. पाणी सुटायच्या आधी नदीत खडक उघडे असतात, बाया धुणी घेऊन बसलेल्या असतात, गुरं पलीकडे चरायला जातात. मग रवाळज्याकडून पाणी येतं आणि पात्र भरतं. काठच्या माणसाला ही वेळ अंगवळणी पडलेली आहे. बाहेरून आलेल्याला ती सांगावी लागते, आणि सांगूनही जो ऐकत नाही त्याच्यासाठी काठावर धोक्याचे फलक आहेत.

याच सुटलेल्या पाण्यावर कोलाडचा नवा धंदा उभा आहे. साजे-सुतारवाडीच्या बाजूने हवा भरलेल्या तराफ्यात बसायचं, डोक्यावर शिरस्त्राण, हातात वल्हं, आणि फेसाळत्या पाण्यातून सुमारे बारा किलोमीटर खाली यायचं. देशातल्या बहुतेक नद्यांवर हा खेळ ऋतूवर अवलंबून असतो. कुंडलिकेवर तो बारमाही चालतो, तोही ठरल्या वेळी, सकाळी. कारण उघड आहे. मुंबई-पुण्याचे पाहुणे ओरडतात, भिजतात, फोटो काढतात. आपल्याच घरातल्या मिक्सर-गिझरने ही लाट पाठवली आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. खरं तर तराफ्यात बसवण्याआधी जो सूचनांचा पाढा वाचला जातो त्यात हे एक वाक्य घालायला हरकत नाही.

हिरव्या खोऱ्यातलं गाव बघायला माणसं कुठे कुठे जातात. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात हाराबाकोआ नावाचं डोंगरातलं गाव आहे. धबधबे, कॉफीचे मळे, थंड हवा, आणि याके देल नोर्ते या नदीवर हाच तराफ्यांचा खेळ. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना कंटाळलेला अमेरिकन पर्यटक तिथे चढून जातो. आपल्याकडे अलिबागला कंटाळलेला कोलाडला येतो. पण फरक बघा. याके नदी डोंगरातून आपल्या मनाने उतरते, तिच्या लाटा तिच्या स्वतःच्या, आणि खेळ संपल्यावर खाली ताव्हेराचं धरण लागतं. १९७३ सालच्या त्या धरणातून सान्तियागो शहराला पाणी आणि आसपासच्या सपाटीला सिंचन मिळतं. तिथे पर्यटक धरणाच्या वरच्या बाजूला, आपल्याकडे वीजघराच्या खालच्या बाजूला. हाराबाकोआला पाऊस कमी झाला तर खेळ मंदावतो. कोलाडला खेळ थांबवायला एका कार्यालयातला एक निर्णय पुरतो.

या धंद्याने खोऱ्यात पैसा आणला यात शंका नाही. काठावरच्या पोरांना तराफ्यावर, तंबूंच्या मुक्कामांत, स्वयंपाकघरात कामं मिळाली. एरवी ती धाटावच्या कारखान्यात कंत्राटावर नाहीतर पनवेल-मुंबईकडे गेली असती. पण त्याच वेगाने नदीलगतच्या जमिनीही विकल्या गेल्या. ज्या शेताला कालव्याचं पाणी मिळतं त्याच शेताला नदीचा देखावाही मिळतो, आणि देखाव्याचा भाव भातापेक्षा जास्त. आता कुंपणांच्या आत हिरवळ आहे, तरणतलाव आहेत. भाताचं पाणी हिरवळीला गेलं तरी छायाचित्रात खोरं हिरवंच दिसणार, हा यातला धूर्त भाग.

भिऱ्याबद्दल आणखी एक. २८ मार्च २०१७ रोजी भिऱ्याच्या तापमानाची नोंद ४६.५ अंश झाली आणि दुसऱ्या दिवशी हे गाव जगभरच्या बातम्यांत आलं. कोकणात, धरणाच्या पायथ्याशी, मार्चमध्ये साडेशेहेचाळीस? हवामान खात्यालाही ते पचलं नाही आणि मापन तपासायला माणसं पाठवावी लागली. आकडा काहीही असो, डोंगराच्या कुशीत वारा अडतो आणि भिरा तापतं हे काठावरचा कुणीही सांगेल. आणि भिऱ्याजवळचा देवकुंड धबधबा. सुंदर जागा आहे. तिथे एवढे लोक बुडाले की पावसाळ्यात प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. तरी लोक जातातच. देवकुंडाबद्दल याहून अधिक लिहून गर्दी वाढवण्यात मला रस नाही.

कोलाडहून रोह्याला जाणारा रस्ता नदीचा हात धरून चालतो. मध्ये धाटाव लागतं. रंग, कीटकनाशकं, औषधांची द्रव्यं बनवणारी ही वसाहत गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात उभी राहिली. तिने रोह्याला पगार दिला, दवाखान्यांच्या पाट्या दिल्या, आणि रात्री-अपरात्री खिडक्या लावून घ्यायला लावणारा वास दिला. सांडपाणी प्रक्रिया करून नळाने खाली खाडीच्या बाजूला नेतात. खाडीकाठच्या कोळ्यांना विचारलं तर ते मासळीचा हिशोब मांडतात, आणि तो हिशोब दर दशकाला लहान होत गेलेला असतो. वरच्या काठावर नदीचं कौतुक, खालच्या काठावर तक्रार. मधे बारा-पंधरा किलोमीटर.

रोहा गाव मात्र आपल्या चालीने चालतं. आलेल्या पाहुण्याला दाखवण्यासारखं फारसं नाही असं रोहेकर आधी सांगतात आणि मग सगळं दाखवतात. अलीकडे रोहा, पलीकडे अष्टमी, दोघांची मिळून नगरपरिषद. भरतीचं पाणी इथवर चढतं, म्हणून एके काळी हे खोरं समुद्राकडून उघडत असे. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ साली निघालेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलहून होडीने खाडी चढत अष्टमीला उतरला आणि इथून जमिनीवरून रायगडाकडे गेला. आज वडखळवरून येणारा पाहुणा खोऱ्यात मागच्या दाराने शिरतो.

गावाचा धनी धावीर महाराज. दसऱ्यानंतर त्याची पालखी निघते तेव्हा पोलिसांची तुकडी सशस्त्र मानवंदना देते. ही प्रथा इंग्रजी अमलापासूनची. देवाला सलामी देऊन पोलीस पुन्हा बंदोबस्ताला लागतात आणि पालखी घराघरापुढे थांबत फिरत राहते. पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा जन्म इथला, १९२० सालचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख जन्मले महाडजवळ नात्याला, पण घराणं रोह्याचं. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. मुंबईसाठी मंत्रिपद सोडणारा माणूस ज्या गावचा, त्या गावची नदी मुंबईच्या विजेसाठी वेळेवर सुटते. इतिहासाला असले विनोद आवडतात.

रोह्याजवळच अवचितगड. मेढे गावाकडून दाट झाडीतून चढलं की माथ्यावर बारा कोनांचा एक देखणा तलाव आणि पाण्याची टाकी दिसतात. गडकऱ्यांना पावसाचं पाणी जमिनीत जिरू न देता खडकात साठवायचं होतं आणि त्यांनी ते साठवलं. तटावरून खाली बघितलं की कुंडलिकेचं वळण, दोन्ही काठांचं भात आणि धाटावच्या चिमण्या एकाच चौकटीत मावतात. गडावर मी गेलो तो दिवस उन्हाळी भाताचा होता. शेतांचा हिरवा पट्टा एका ठिकाणी धारदार रेघेने तुटलेला दिसत होता. रेघेच्या पलीकडे सगळं करडं. पाण्याचं आवर्तन जिथवर पोहोचतं तिथवर रंग. कालव्याच्या शेवटाला असलेल्या गावांची वर्षानुवर्षांची तक्रार कागदावर वाचण्यापेक्षा इथून लवकर समजते. कालवा जुना झाला, मातीचे काठ फुटतात, दुरुस्ती निघाली की त्या उन्हाळ्यात पाणीच नाही. एकेकाळी दुबार पिकणारी पुष्कळ शेतं अशीच ओसाड पडली आणि मालक शेतीतून उठले. आणि उठलेल्या मालकाला गिऱ्हाईक तयार असतं, हे वर सांगितलंच.

रोह्याच्या बाजारात पाण्याचा विषय काढला तर बोलणं कालव्याच्या दुरुस्तीवर आणि वसाहतीच्या वासावर येऊन थांबतं. त्याहून मोठा प्रश्न घाटावर शिजतो आहे आणि त्याचा वास अजून इथे आलेला नाही. टाटांच्या धरणांचं पाणी पश्चिमेला वळवणं थांबवा, ते भीमेच्या खोऱ्यातलं आहे, आमचं आम्हाला द्या, अशी मागणी पुणे-सोलापूरकडून बरीच वर्षं होते आहे. पिंपरी-चिंचवडची तहान वाढते आहे, सोलापूरच्या दुष्काळाच्या वेदना खऱ्या आहेत, आणि वीज आता सूर्यापासूनही बनते. मागणीत तथ्य नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. नैसर्गिक न्यायाने ते पाणी पूर्वेचंच आहे. पण शंभर वर्षं एका नदीत पाणी सोडल्यावर त्या काठाने आपलं आयुष्य त्यावर बेतलं. भात, नळ, कारखाने, तराफे, सगळं. हे पाणी कुंडलिकेला कुणी हक्काने दिलेलं नाही. ते वीजनिर्मितीतून उरलेलं होतं आणि खोऱ्याने ते झेललं. उद्या वीजच नको म्हटलं तर उरायचं काय? माझं मत विचाराल तर पाणी काही प्रमाणात पूर्वेला जाईलच, आज नाहीतर पंचवीस वर्षांनी. तेव्हा रोह्याच्या शेतकऱ्याने कालव्याच्या गळतीपलीकडे जाऊन आपल्या वाट्याचा आकडा कागदावर मागायला आत्ताच सुरुवात करावी. पेणच्या बावीस गावांनी लाभक्षेत्राचा कागद हातात धरला म्हणून त्यांचं म्हणणं टिकलं होतं.

मुळशीचा थेंबही न लागता या खोऱ्यात येणारं एक पीक आहे, आणि योगायोगाने ते इथलं सर्वांत नावाजलेलं आहे. वाल. कडवे वाल. पावसाळी भात कापलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल पेरायचे. ना कालवा, ना मोट. थंडी आणि दव यांवर ते वाढतात. रोह्याच्या सीकेपी घरांतलं बिरडं या वालांचं, आणि रोह्याबाहेर गेलेल्या लेकीसुनांच्या सामानात मोड यायच्या आधीच्या वालांची एक पिशवी असतेच. ज्या शेतांना उन्हाळी पाणी मिळालं तिथून वाल मागे हटले. ज्या शेतांचं पाणी तुटलं तिथे काहींनी पुन्हा धरले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा खोऱ्यात भाताची कापणी उरकत आलेली असेल आणि वालाची पेरणी सुरू होईल. म्हणून जुलैच्या धबधब्यांना आणि मेच्या तराफ्यांना फाटा देऊन जानेवारीत या. तेव्हा शेंगा भरलेल्या असतात आणि संध्याकाळी शेताशेतातून पोपटी लागते. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला ठासायचा, मध्ये वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, कांदे, ज्याला चालतं त्याने अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी. तेलाचा आणि पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवायच्या. किती वेळ, यावर दर शेतात वाद होतो आणि घड्याळ कुणी बघत नाही; मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले आणि चर्र झालं की झाली. महामार्गावर आता हॉटेलांतूनही पोपटी मिळते, आगाऊ सांगून ठेवावी लागते. ती बरी असते. पण वडखळला येताना वाटेत मडकं घेतलंत आणि कोलाडच्या अलीकडे कुणाच्या शेतावर ओळख काढलीत तर भांबुर्डा ओळखायची पद्धत फुकट शिकायला मिळेल. बांधावरच उगवतो, पान चुरगाळलं की वास सांगतो. शेंगा आधी निवडून घ्या, कोवळ्या टाकल्या तर मडक्यात लगदा होतो, आणि कोंबडी घालणार असाल तर शाकाहारी मंडळींसाठी दुसरं मडकं आधीच सांगा. त्यावरून होणारं भांडण पाण्याच्या भांडणापेक्षा लवकर पेटतं.